लाल गोळ्यांची वही

डॉक्टर गद्रेबाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र १९९५ च्या फेब्रुवारीत आलं. टंकलेखन केलेलं एक पान, खाली निळ्या शाईची सही. सुरुवात होती, 'आदरणीय श्री. श्यामसुंदर तेरवणकर यांस'. मला आदरणीय म्हणणारं ते पहिलंच पत्र. उत्तर लिहायला मी सात-आठ वेळा बसलो. 'आपले पत्र पोचले' हे वाक्य दर वेळी सुरेख जमायचं. पुढचं जमायचं नाही.

पत्रात दोनच प्रश्न होते. चौऱ्याऐंशी साली आमच्या उपकेंद्रातून गरोदर बायकांना रक्तवाढीच्या लाल गोळ्या दिल्या असं वहीत आहे, त्या खरोखर दिल्या गेल्या का? आणि मासळी हे ज्यांचं रोजचं अन्न, अशा खाडीकाठच्या घरांतल्या काही बायकांच्या रक्तात मासळीतून मिळणारं जीवनसत्त्व इतकं कमी कसं? 'वहीचा आणि रक्ताचा मेळ बसत नाही. वही आपल्या हातची आहे, म्हणून आपल्यालाच विचारते.'

दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला ठाऊक होती.

मी त्या उपकेंद्राचा कंपाउंडर. खाडीकाठची सहा गावं आमच्याकडे होती. नोकरी संपून चार वर्षं झाली होती. शिरवणे गावाच्या खाडीकडच्या अंगाला जयदेवचं घर आहे, त्याच्या पडवीला लागून एक खोली. तिथं मी अठरा वर्षं राहत होतो. एक खाट, एक स्टोव्ह आणि भिंतीला लावलेली पुस्तकं. जेवण दोन्ही वेळचं त्यांच्याच पंगतीत. जयदेवची आई बयाबाई मला कंपाउंडर म्हणायची, त्याची बायको सगुणा भाऊ म्हणायची. त्यांची रुतिका दहा वर्षांची. ती माझी पुस्तकं न्यायची आणि परत आणायची तेव्हा पानांना सुकटीचा वास यायचा. मी कधी तक्रार केली नाही. खरं तर मी कशाचीच तक्रार करत नसे, आणि त्याला मी बरीच वर्षं चांगुलपणा समजत होतो.

पत्राच्या आधी, जानेवारीत, गद्रेबाईंची मंडळी पुण्याहून जीपनं आली होती. दहा वर्षांपूर्वी त्यांच्याच संस्थेनं आमच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचं रक्त काढून नेलं होतं. ते अजून बर्फात जपून ठेवलंय म्हटल्यावर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शेजारची सखू म्हणाली, "आमची कोलंबी सांजपत्तूर टिकत नाय बर्फान, नि यांचं रगात धा वरसां टिकला!"

तेव्हा पोटात असलेली पोरं आता चौथी-पाचवीत होती. त्यांना शाळेत बोलावलं. टेबलामागे तीन अनोळखी माणसं बसली. त्यांनी हसायचं नाही, मान हलवायची नाही, असंच ठरलेलं होतं. पोरानं एकट्यानं पुढं उभं राहून अर्धी सांगितलेली गोष्ट पुरी करायची, मग दोनशेतून सात-सात वजा करत मोठ्यानं म्हणायचं. त्याआधी आणि नंतर लाळ तपासायला जिभेखाली कापसाची वळी ठेवायची, नाडी मोजायची. आया बाहेर व्हरांड्यात. घरं नि नावं ओळखायला मला बोलावलं होतं.

रुतिका जिवंत चिंबोरीचा नांगा हातानं मोडणारी पोर. बाजारात गिऱ्हाइकाला "घ्यायची तर घ्या, नाय तर दाबून बघू नका" असं सुनावणारी. ती टेबलापुढं उभी राहिली आणि गोष्टीच्या तिसऱ्या वाक्याला थांबली. रडली नाही. खिडकीतून मला तिचे पाय दिसत होते. एका पायाचा अंगठा तिनं दुसऱ्या पायावर दाबून धरला होता. बाकीची पोरं बाहेर येऊन बिस्किटं खात दंगा करू लागली, तरी हिची नाडी उतरली नव्हती. पाऊण तासानं मोजली, तरी नाही.

गद्रेबाई सगुणाजवळ येऊन बसल्या. "मुलगी भित्री नाही तुमची. तिचं शरीर लवकर शांत होत नाही, एवढंच. अशी आणखीही मुलं आहेत. आईच्या पोटात असताना काय मिळालं, काय नाही, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का, ते आम्ही बघतोय."

"म्हंजे माज्यामुलं?"

"तसं नाही हो. आम्हाला अजून ठाऊक नाही. म्हणून तर मोजतोय."

तिथंच थांबलं असतं तर बरं होतं. पण त्यांचा तरुण मदतनीस माझ्या जुन्या वहीची नक्कल चाळत होता. तो म्हणाला, "सगुणा जयदेव. नव्वद गोळ्या दिल्या, नव्वद घेतल्या. आणि रक्तात बघावं तर काही नाही. बाई, खरं सांगा, गोळ्या कोंबड्यांना घातल्यात ना?"

"कंच्या गोल्या?"

बायका हसल्या.

"रोजची खूण आहे वहीत."

"मना कोनी गोली दिली नाय."

"म्हणजे वही खोटी?"

सगुणानं माझ्याकडं पाहिलं. मी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसू लागलो. बराच वेळ पुसला. गद्रेबाईंनी त्या पोराला नजरेनं गप्प केलं. पण बयाबाई शेजारीच बसली होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

त्या दिवसापासून घरात ते सुरू झालं. भाकरी करपली तरी गोळ्या, भांडं पडलं तरी गोळ्या. "सरकारनं घरपोच औषद दिला, तं हिनं कोंबऱ्यांना घातला. कोंबऱ्या निबर झाल्या नि माजी नात थरथरते." जयदेव पूर्वी मिठागरावर होता, मिठागर गेल्यावर तुर्भ्याला गोदामात पोती उचलायचा. थकून यायचा, आणि थकलेल्या माणसाला आई सांगेल ते सोपं वाटतं. तो बायकोला ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "वहीन लिवलंय नं? मंग?" सगुणानं दोन-तीनदा सांगितलं, मग सांगायचं सोडलं. रुतिका मात्र रात्री जेवताना विचारायची, "मी कदी थरथरते? सांगा ना, कदी?"

फेब्रुवारीतच सगुणाला तिसरा महिना लागल्याचं कळलं. रुतिकानंतर इतक्या वर्षांनी. तिची तिशी उलटली होती. ओहोटी साधून ती खाडीत उतरायची. गुडघाभर चिखलात वाकून निवट्या मासे नि खुबे शिंपले काढायचे, टोपलीत भरायचे, धुवायचे, डोक्यावर घेऊन नेरुळच्या सोसायट्यांपुढं बसायचं. त्या वर्षी खाडीच्या मासळीला रॉकेलसारखा वास यायचा. गिऱ्हाईक मासा नाकाशी न्यायचं आणि परत टोपलीत टाकून हात रुमालाला पुसायचं. संध्याकाळी उरलेली टोपली पडवीत आदळायची, त्या आवाजावरून मला दिवस कसा गेला ते कळायचं.

होळीच्या आदल्या दिवशी सगुणा पडवीत बोयी मासे साफ करत होती. खवले तिच्या कोपरापर्यंत चिकटले होते. बयाबाई गावदेवीकडून आली ती कपाळभर कुंकू लावून.

"नवस बोलून आली," ती म्हणाली. "आजपासून सुनंच्या तोंडान मासली नाय. बालंत व्हईस्तवर."

सगुणानं कोयता खाली ठेवला. "आये, माज्यानं नाय व्हनार. मागच्या टायमाला काय हाल झालं ते मना ठावं हाय."

"मागच्या टायमाला दोन पोटां गेलती तुजी. नवस केला तवा तिसरा जगला. जगला का नाय?"

"जगली. नि आता तुमीच बोलता थरथरते."

"ती नवसानं थरथरते? तू गोल्या फेकल्यास म्हनून थरथरते! या टायमाला मी समोर बसून गिलवीन एकेक."

जयदेव ओट्यावर पाय धूत होता. "आई बोलते ते कर ना," तो म्हणाला. "वही खोटा बोलंल काय?"

मी माझ्या खोलीच्या दारात उभा होतो. हातात पुस्तक होतं, बोट पानात. तेव्हा मला नीट उमगलं की त्या घरात नवस कशावर उभा आहे. नवसानं पोर जगली आणि गोळ्या फेकल्यानं ती कमजोर झाली, असा बयाबाईचा हिशेब. त्यातली गोळ्यांची बाजू माझ्या हातची होती.

ते चौऱ्याऐंशी साल मला विसरता येत नाही. पाच महिने वरून गोळ्याच आल्या नव्हत्या. मी दोन पत्रं लिहिली, तिसरं लिहायची हिंमत झाली नाही. मग तपासणी येणार असल्याचं कळलं आणि वरचे साहेब म्हणाले, "तेरवणकर, वही कोरी दिसता कामा नये." एका दुपारी उपकेंद्राचं दार लोटून मी सहा गावांतल्या एकेचाळीस बायकांच्या नावांपुढं खुणा केल्या. रोज वेगळ्या दिवशी केल्यासारखं दिसावं म्हणून दोन पेनं घेतली होती, एक निळं, एक काळं. साहेबांनी सही केली. अक्षर चांगलं आहे, असंही म्हणाले.

आणि त्याच वर्षी सगुणा उपकेंद्राच्या खिडकीशी आली होती. दुसरं पोट गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, तिच्या तोंडात मासळी नव्हती. दिवसभर मासळी कापायची, विकायची, सगळ्यांना वाढायची आणि स्वतः भात नि मिठाचं पाणी. घरात गाय-म्हैस नव्हती, म्हणजे दूधही नाही. "भाऊ, तुमी शिकलेलं. तुमी सांगा ना आयेला," ती म्हणाली होती. मी "बघतो" म्हणालो. पोटुशी बाईनं मासळी सोडू नये, हे पुस्तकात लिहिलेलं मला ठाऊक होतं. पण मी सांगितलं, आणि हेही पोट गेलं, तर? बयाबाई माझ्याकडं बोट दाखवेल, ही भीती. मी बघतच राहिलो.

एप्रिल गेला. वैशाखाच्या उन्हात सखूनं आणि सगुणानं मैदानात जवळा वाळत घातला होता. सगुणाचं पोट दिसू लागलं होतं, चेहरा मात्र ओढलेला. मध्येच ती काठी टेकून उभी राहायची. जेवताना ती सगळ्यांना वाढायची, आणि मी पाटावर बसून माझ्या ताटातला बोंबील खायचो. तिच्यासमोर. तो घशाखाली उतरायचा, हे लिहायला लाज वाटते.

मे महिन्याच्या एका सकाळी ती खाडीवरून आली आणि ओट्यावर टोपली ठेवून बसली. मी पाहिलं तर रस्त्यापासून ओट्यापर्यंत रक्ताच्या पावलांची रांग होती. एकाच पावलाची.

"सगुणा, पाय बघ."

तिनं पाय उचलून पाहिला. कालवाच्या शिंपल्यानं तळवा बोटभर चिरला होता. "कलला नाय मना," ती म्हणाली. तिला आश्चर्यसुद्धा वाटलेलं दिसलं नाही.

चिखलात तासभर उभं राहिलं की पाय बधिर होतात, हे खरं आहे. याला दुसरं काही कारण होतं का, ते सांगायची माझी पात्रता नाही. पण मी पाणी उकळून आणलं, जखम धुतली, चिखलाचे कण चिमट्यानं काढले. ते काम मला येतं. माझे हात त्या कामात कधी कापत नाहीत. पाय तिचा, मान माझी खाली. तिच्या तोंडाकडं बघावं लागत नव्हतं. बहुधा त्यामुळंच बोलता आलं.

"त्या गोळ्या आल्याच नव्हत्या," मी म्हणालो. "वही मी भरली. एका दुपारी."

मी पट्टीचा एक वेढा दिला.

"ठावं हाय मना," मग ती म्हणाली. "मना गोली मिलाली नाय, ते मनाच ठावं नसंल?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलली ना. शालेन बोलली सगल्यांपुढं. तुमी चष्मा पुशीत व्हतांव."

उंबऱ्याशी बयाबाई सुपात जवळा पाखडत होती. सूप थांबलं.

"कंपाउंडर. परत बोल."

मी परत बोललो. साहेबांचं सांगितलं, दोन पेनांचं सांगितलं. एकेचाळीस बायका, त्यात सखूही होती, ते सांगितलं.

"अठरा वरसां माज्या घरान जेवतस तू."

"हो."

"नि माज्या सुनंला खोटी पारलीस."

"हो."

तिनं सूप बाजूला ठेवलं. ती मारेल असं मला वाटलं, आणि बरं वाटलं असतं. पण ती नुसती बसून राहिली. मग मी खोलीत जाऊन गद्रेबाईंचं पत्र आणलं, कारण अर्धंच सांगून थांबलो असतो तर तीही एक सवय झाली असती. म्हटलं, "डॉक्टरीणबाईंनी आणखी एक विचारलंय. मासळीचं. वाचून दाखवतो."

"तू नको वाचू," बयाबाई म्हणाली. "तुजा वाचलेला आता कोन मानंल? ए रुतके, हिकडं ये. वाच."

रुतिका आली. ओळीखाली बोट धरून तिनं पत्र वाचलं. 'जीवनसत्त्व' या शब्दाला अडखळली, मागं जाऊन पुन्हा वाचलं. वाचून झाल्यावर तिनं पत्र घडी घालून माझ्या हातात दिलं. "गोल्या आल्याच नव्हत्या?" तिनं मला विचारलं. मी मान हलवली. "मंग आईनं कोंबऱ्यांना काय घातला?" बयाबाईनं तोंड फिरवलं.

थोड्या वेळानं बयाबाई म्हणाली, "मासलीचा काय लिवशील?"

"लिहीन की एका घरात नवस होता."

"एका घरान कशाला? घराला नाव नाय?"

"मला वाटलं, तुमचं नाव कशाला..."

"पुना खोटाच लिवनार काय तू?" तिचा आवाज चढला. "माजा नाव टाक. नवस बयाबाईनं केलता. सून नको बोलत व्हती. तीन वरसां नको बोलत व्हती. असा लिव." मग हळू म्हणाली, "दोन पोटां गेलती, कंपाउंडर. मी काय करनार व्हती? ते बी लिव. पोटां गेलती म्हनून."

"लिहितो."

"आनि त्या बाईला इचार, नवसानं झाला का गोल्यांनी का कशानी."

"त्यांनाही अजून ठाऊक नाही, बयाबाई. त्या शोधतायत."

"मंग शोधू दे," ती म्हणाली. "तवर हिला उपाशी ठेवून मी काय शोधू?"

दुपारी खुब्याचं कालवण झालं. बयाबाईनं स्वतः ताट वाढलं आणि सगुणापुढं सरकवलं. "गावदेवीची नि माजी बोलनी मी करीन. तिचा राग माज्यावर. तू जेव." सगुणा ताटाकडं बघत राहिली. मला वाटलं ती रडेल. तिनं भात कालवला आणि जेवली, घाईघाईनं, कुणाकडंही न बघता, दुसऱ्यांदा भात मागून घेऊन. जेवण झाल्यावर हात धुवायच्या आधी बोटं चाटली. सासूला ती एक शब्द बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि पुढं कित्येक दिवस नाही.

संध्याकाळी जयदेव आला. आईनं त्याला बसवून सगळं सांगितलं. तो बराच वेळ खांद्यावरचा टॉवेल पिळत होता, कोरडाच टॉवेल. मग माझ्या दारात आला.

"भाऊ, खोली हाय ती ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "पन जेवन आता खोलीवर पाठवीन. पंगतीन नको."

"बरं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिहायला बसलो. 'आपले पत्र पोचले' असं लिहिलं आणि ते खोडून टाकलं. सरळ लिहिलं की वहीतल्या खुणा खोट्या आहेत आणि त्या माझ्या आहेत. एकेचाळीस बायकांपैकी एकीलाही त्या पाच महिन्यांत गोळी मिळाली नाही. सगुणानं शाळेत सांगितलं ते खरं, आणि आपल्या मदतनिसानं तिची क्षमा मागावी अशी माझी विनंती आहे, जरी तसं म्हणण्याचा हक्क मला सर्वांत कमी आहे. नवसाचं बयाबाईनं सांगितलं तसं लिहिलं, तिच्या नावानिशी, पोटांसकट. सगुणाला पुन्हा दिवस गेले आहेत, तिला तपासायला कुणी येऊ शकेल का, हेही लिहिलं. दोन पानं झाली. रुतिकाला ओट्यावर बोलावून ती सगळ्यांसमोर वाचायला दिली. सखूही आली होती. "माजा नाव घातलांव?" तिनं विचारलं. "घातलंय," म्हटल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं आणि बाजूला थुंकली. मग म्हणाली, "बरा केलांव."

सगुणाचा पाय बरा होईपर्यंत बयाबाई टोपली घेऊन बसायला जाणार होती. मी तिच्या मागोमाग नेरुळच्या पोस्टापर्यंत चालत गेलो. ती पुढं, मी दहा पावलं मागं. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही, पण रस्ता ओलांडताना ती थांबायची आणि मी पोचल्यावर पुढं चालायची.

पोस्टातला कारकून म्हणाला, "साधं का रजिस्टर?"

"रजिस्टर. पोच हवी."

त्यानं वजन केलं, तिकिटं दिली. मी ती थुंकी लावून चिकटवली. पाकीट हातात धरलं तेव्हा 'क्षमा' शब्दाच्या आसपास काहीतरी चुकलंय असं वाटू लागलं. वाक्य बरोबर होतं का, फार लांबलं होतं का. एकदा उघडून बघावं. मागच्या माणसानं खाकरून घेतलं.

"आजोबा, देताय ना?" कारकुनानं हात पुढं केला.

मी पाकीट त्याच्या हातात दिलं. त्यानं शिक्का मारला, पावती फाडून दिली आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. बाहेर बयाबाई टोपली खांबाशी टेकवून उभी होती.

"गेला?" तिनं विचारलं.

"गेलं."

"मंग हात लाव," ती म्हणाली. मी वाकलो, आणि आम्ही दोघांनी मिळून टोपली तिच्या डोक्यावर चढवली.